पडद्यावरचं भूत पुस्तकात शिरतं तेव्हा

जुन्या पुस्तकांच्या ढिगात ही पुस्तकं लांबूनच ओळखू येतात. मुखपृष्ठावर मालिकेतल्या नटांचा फोटो, मालिकेचं नाव ठसठशीत, पुस्तकाचं नाव त्याहून बारीक, आणि लेखकाचं नाव तर शोधावंच लागतं. 'द एक्स-फाइल्स', 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर', 'सुपरनॅचरल'. केबलवर ज्यांनी या मालिका पाहिल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी असं एखादं पुस्तक हातात घेऊन, दोन पानं चाळून परत ठेवलेलं असतं. मालिका पाहिलीये की, मग पुस्तक कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे: पुस्तक म्हणजे मालिकेची नक्कल, पडद्यावर दिसलेलंच कुणीतरी शब्दांत उतरवून काढलेलं. भुताखेतांच्या मालिकांच्या बाबतीत हे गृहीतक सपशेल आपटतं, कारण तिथे 'दिसणं' हाच सगळा मामला असतो आणि पुस्तकात तर काहीच दिसत नाही.

आधी एक गोंधळ मिटवू. 'मालिकेवरचं पुस्तक' म्हणून दुकानात जे मिळतं, त्यात निदान तीन वेगळ्या जातीची पुस्तकं असतात. एक, प्रसारित झालेला एपिसोडच गोष्टीच्या रूपात सांगणारं. नॉव्हेलायझेशन म्हणजे खरं तर हेच. दुसरं, पात्रं मालिकेतली पण गोष्ट कोरी करकरीत. याला त्या धंद्यात टाय-इन कादंबरी म्हणतात. आणि तिसरं, मालिकेच्या जगातलीच एखादी वस्तू: कुणाची डायरी, एखादी फाइल. वाचणारा यात घोळ करतो आणि मग वैतागतो. नवीन गोष्ट मिळेल म्हणून पहिल्या जातीचं पुस्तक घेतलं की शिळं वाटतं. आवडता एपिसोड पुन्हा अनुभवायला दुसऱ्या जातीचं घेतलं की 'हे तर घडलंच नव्हतं' म्हणून चिडचिड होते. घेण्याआधी मागचं पान वाचावं, एवढाच इलाज.

आता ही पुस्तकं लिहितं कोण? मालिकेचे हक्क स्टुडिओकडे असतात. स्टुडिओ एखाद्या प्रकाशकाला परवाना देतो, प्रकाशक लेखक गाठतो. लेखकाला ठरावीक रक्कम मिळते, कधी वर थोडी रॉयल्टी. कॉपीराइट बहुतेकदा स्टुडिओकडेच राहतो. मुदत कमी असते, आणि लिहिलेलं स्टुडिओच्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापलं जात नाही. लेखकाच्या हातात असते ती स्क्रिप्ट. सिनेमाची कादंबरी चित्रपटगृहाच्या बरोबरीने दुकानात यायची असेल, तर शूटिंग संपायचीही वाट बघता येत नाही. म्हणून कादंबरीत असे प्रसंग सापडतात जे पडद्यावर आलेच नाहीत. लेखकाने पदरचं घातलं असं आपल्याला वाटतं, पण ते स्क्रिप्टमध्ये होतं आणि एडिटिंगमध्ये उडालं, असंही असू शकतं.

स्क्रिप्ट ही भलतीच कंजूष चीज आहे. अंदाज असा की एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. पाऊण तासाच्या एपिसोडची पन्नासेक पानं, त्यातही निम्मा कागद कोरा. संवाद, आणि अधूनमधून एखादी कृती. उदाहरणादाखल मी एक रचून दाखवतो:

आत. मोटेलची खोली. रात्र.
मार्था झोपली आहे. नळ ठिबकतोय. ठिबकणं थांबतं. ती डोळे उघडते. बाथरूमच्या दाराखाली सावली.

पडद्यावर याचे फार तर वीस सेकंद. कॅमेरा, दिवे, संगीत आणि नटीचे डोळे मिळून काम फत्ते करतात. कादंबरी लिहिणाऱ्याकडे यातलं काहीच नाही. मग तो काहीसं असं लिहील:

'नळाच्या आवाजाने झोप लागेना, म्हणून तिने दोनदा उठून तो आवळून बघितला. शेवटी ठिपके मोजता मोजता डोळा लागला. जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबला म्हणून. क्षणभर तिला बरंच वाटलं. मग मनात आलं, आपल्याला न जमलेलं कुणाला जमलं? ती बाथरूमकडे बघेना. बघत नव्हती तोवर तिथे कुणी नव्हतं.'

काय बदललं बघा. दोनदा उठणं आलं, मोजणं आलं, बरं वाटणं आलं. आणि सावली, जी स्क्रिप्टमधली सगळ्यात भीतीदायक गोष्ट होती, ती गळाली. तिची गरजच उरली नाही. पडद्यावर भूत खोलीत असतं, कादंबरीत ते मार्थाच्या डोक्यात आधी शिरतं आणि खोलीत मागाहून.

आपल्या भाषेत या दोन अनुभवांना दोन शब्द तयारच आहेत: दचकणं आणि धास्ती. दचकवणं हे पडद्याचं हुकमी काम. किती सेकंद शांतता ठेवायची आणि कुठल्या क्षणी किंचाळी सोडायची, हे दिग्दर्शक ठरवतो, आपल्या हातात काही नसतं. पुस्तकात घड्याळ वाचणाऱ्याच्या हातात असतं. तो भरभर वाचेल, चहाला उठेल, नाहीतर नजर घसरून खालच्या परिच्छेदावर जाईल आणि 'किंकाळी' हा शब्द आधीच दिसेल. छापील पानाला दचकवता येत नाही. धास्ती मात्र पडद्यापेक्षा पुस्तकच जास्त टिकवतं, कारण ती चहाला उठतानाही बरोबर येते. चांगला नॉव्हेलायझेशन-लेखक दचकवण्याच्या जागा ओळखतो आणि तिथे काहीतरी वेगळंच करतो. वाईट लेखक 'अचानक' हा शब्द लिहितो. माझी जुनी खोड आहे, असं पुस्तक हातात आलं की पहिल्या प्रकरणात 'अचानक' किती वेळा येतं ते मोजायचं.

अजून एक फरक आहे, जरा आतला. त्स्वेतान तोदोरोव या अभ्यासकाने 1970 साली अद्भुत साहित्यावरच्या आपल्या पुस्तकात एक साधं सूत्र मांडलं. घडलं ते खरंच अमानवी की भास, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही, तेवढा वेळच गोष्ट खऱ्या अर्थाने त्या प्रकारची असते. भूत आहे असं एकदा पक्कं झालं की ती दुसऱ्या प्रकारची गोष्ट झाली. भूत नव्हतं, वारा होता असं कळलं की तिसऱ्या. पडद्यावर ही डळमळ टिकवणं अवघड, कारण कॅमेऱ्याने दाखवलं ते आपण बघितलं. 'द एक्स-फाइल्स'मध्ये, म्हणजे मल्डर आणि स्कली या एफबीआयच्या जोडीच्या गूढ तपासांच्या मालिकेत, शंकेखोर स्कली सात खुलासे देवो, लांबुळका होत धुराड्यात शिरणारा यूजीन टूम्स आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो. तिच्या शंकेला आपण वरवरच मान देतो. कादंबरीत तोच प्रसंग स्कलीच्या बाजूने लिहिला, तर तिला जेवढं दिसलं तेवढंच आपल्याला दिसतं. मग तिची शंका आपली होते. हा फायदा सगळे लेखक उठवतात असं नाही. पण या मालिकेवरचं पुस्तक उघडलं की प्रकरण कुणाच्या नजरेतून सांगितलंय, हे मी आधी बघतो. त्यावरून पुढे काय वाढून ठेवलंय त्याचा बराचसा अंदाज येतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 27 जून 1966 रोजी 'डार्क शॅडोज' नावाची मालिका सुरू झाली. निर्माता डॅन कर्टिस. दुपारची वेळ, सोमवार ते शुक्रवार, अर्धा अर्धा तास. मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट हे काल्पनिक गाव, तिथला जुना वाडा, आणि तिथे नोकरीला आलेली व्हिक्टोरिया विंटर्स ही तरुणी. सुरुवातीला भूतबीत विशेष नव्हतंच आणि प्रेक्षकही बेताचेच होते. मग एप्रिल 1967 मध्ये विली लूमिस नावाचा एक उपटसुंभ दागिन्यांच्या लोभाने कॉलिन्स घराण्याच्या थडग्यात शिरला, साखळ्यांनी बांधलेली शवपेटी त्याने उघडली, आणि आतून एक हात आला आणि त्याचा गळा धरला. तो हात बार्नबस कॉलिन्स या व्हॅम्पायरचा. जोनाथन फ्रिडने रंगवलेलं हे पात्र थोड्या दिवसांसाठी म्हणून आणलं होतं. ते मालिका संपेपर्यंत टिकलं. 2 एप्रिल 1971 पर्यंत 1,225 एपिसोड झाले. शाळा सुटली की पोरं टीव्हीसाठी घराकडे धूम ठोकायची.

याच मालिकेवर पेपरबॅक लायब्ररी या प्रकाशनाने डिसेंबर 1966 पासून कादंबऱ्या काढायला सुरुवात केली. 1972 पर्यंत 32 झाल्या. लेखिका मॅरिलिन रॉस. प्रत्यक्षात या बाई म्हणजे डॅन रॉस नावाचे कॅनडातले गृहस्थ, आणि मॅरिलिन हे त्यांच्या बायकोचं नाव. गॉथिक कादंबऱ्यांवर बाईचं नाव असलं की खपतात, असा त्या वेळचा हिशोब. रॉस यांनी निरनिराळ्या नावांनी तीनशेच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. वेगाच्या बाबतीत आपल्याकडच्या बाबूराव अर्नाळकरांच्या पंगतीला बसणारा माणूस.

गंमत अशी की पहिल्या पाच पुस्तकांत बार्नबसचा पत्ताच नाही. व्हिक्टोरिया, वाडा, जिन्यावरचे आवाज आणि घरातल्यांचे संशय यांवरच ती चालतात. बार्नबस येतो तो सहाव्या पुस्तकात, 1968 साली. तोवर टीव्हीवर त्याने धुमाकूळ घातलेला. आणि पुस्तकातला घटनाक्रम मालिकेशी जुळतच नाही. मालिकेतली घटना पुस्तकात शोधायला गेलात तर हाती भोपळा. त्या काळच्या रोजच्या मालिकेशी पुस्तकाने पाय जुळवून चालणं शक्यही नव्हतं. मालिका आठवड्याला पाच पावलं टाकत होती आणि पुस्तकाला छापखान्यातून बाहेर पडायलाच महिने लागायचे. म्हणून रॉस यांनी मालिकेतून पात्रं, वाडा आणि वातावरण एवढंच घेतलं आणि आपली वेगळी चूल मांडली. मालिकेत अधूनमधून माइकचा दांडा चौकटीत दिसायचा, नट वाक्य विसरायचे. दिवसाला एक एपिसोड उरकताना रीटेकची चैन परवडत नव्हती. पुस्तकातल्या वाड्यात माइकचा दांडा नाही. फक्त एवढ्यासाठीही काही चाहते ती पुस्तकं जपून ठेवत असतील तर मला नवल वाटणार नाही.

डॅन कर्टिसचा धागा इथे संपत नाही. जेफ राइस नावाच्या एका लेखकाने लास व्हेगासमधला व्हॅम्पायर आणि त्याच्या मागे लागलेला कोलचाक नावाचा वार्ताहर यांच्यावर कादंबरी लिहिली होती. छापायला कुणी तयार नव्हतं. तिच्यावरून रिचर्ड मॅथिसनने टीव्ही-चित्रपटाची पटकथा लिहिली, निर्माता कर्टिस, आणि 11 जानेवारी 1972 ला 'द नाइट स्टॉकर' प्रसारित होऊन तुफान गाजला. मग ती पडून राहिलेली कादंबरी छापली गेली आणि लोकांनी ती चित्रपटावरून लिहिलेली समजून विकत घेतली. पुढच्या वर्षी दुसरा चित्रपट आला, 'द नाइट स्ट्रँग्लर'. या वेळी मूळ पटकथाच मॅथिसनची, आणि तिच्यावरून कादंबरी लिहिली कुणी? जेफ राइसने. पहिल्या खेपेला मॅथिसन राइसच्या मागून चालला, दुसऱ्या खेपेला राइस मॅथिसनच्या मागून. 1974 मध्ये कोलचाकची मालिका झाली, वीसच एपिसोड चालली, पण ती पाहून भारावलेल्या क्रिस कार्टरने पुढे 1993 मध्ये 'द एक्स-फाइल्स' आणली. तिच्यावर पुन्हा कादंबऱ्या. आधी कोंबडी की आधी अंडं हे या प्रांतात विचारू नये.

'द एक्स-फाइल्स'वर दोन्ही जातींची पुस्तकं निघाली. मोठ्यांसाठी नव्या गोष्टी: चार्ल्स ग्रँटची 'गॉब्लिन्स' 1994 मध्ये, केविन जे. अँडरसनची 'ग्राउंड झीरो' 1995 मध्ये. मुलांसाठी एकेका एपिसोडची छोटी पुस्तकं, त्यातलं 'एक्स मार्क्स द स्पॉट' हे लेस मार्टिनने पहिल्याच एपिसोडवरून केलेलं. जाता जाता सांगतो, मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी पुस्तकांकडे वळणाऱ्यासाठी ही छोटी पुस्तकं झकास. गोष्ट माहीत असते, त्यामुळे एखादा शब्द अडला तरी गाडी अडत नाही.

नव्या गोष्टींच्या कादंबऱ्यांना एक मोठी अडचण असते. लेखक त्या घरात भाडेकरू असतो. भिंत पाडायची नाही, खिळा ठोकायचा नाही, सोडताना घर जसं होतं तसं परत करायचं. मल्डर मरणार नाही, स्कली बदलणार नाही, कुणाचं लग्न होणार नाही. म्हणून या कादंबऱ्या मालिकेतल्या फटी शोधतात. कीथ डीकँडिडोची 'सुपरनॅचरल'वरची 'नेव्हरमोर' ही 2007 ची कादंबरी दोन एपिसोडांच्या मधल्या दिवसांत बसवलेली आहे. सॅम आणि डीन हे भुताखेतांचा माग काढणारे दोघे भाऊ न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जातात, एडगर अ‍ॅलन पोच्या कथांची नक्कल करणारे खून तपासतात आणि मालिकेला धक्का न लावता परततात. नायकाला काही होणार नाही हे वाचणाऱ्यालाही पक्कं ठाऊक. मग धास्ती कुणाची? पाहुण्या पात्राची. जे नाव मालिकेत कधी ऐकलं नाही ते पहिल्या प्रकरणात आलं, त्याला आई आहे, नोकरी आहे, गुडघेदुखी आहे, की समजावं, लेखकाने आपला सगळा जीव इथे ओतलाय. अशा पुस्तकाची परीक्षा नायकावरून न करता या बापड्या पाहुण्यावरून करावी.

एपिसोडच पुन्हा सांगणाऱ्या पुस्तकांत वेगळीच करामत चालते. 'बफी'वरच्या 'द झँडर इयर्स'च्या पहिल्या भागात, हेही डीकँडिडोचंच, झँडर या बफीच्या मित्राचे तीन एपिसोड एकत्र आणले आहेत. पडद्यावर ते दोन सीझनमध्ये विखुरलेले. एकात तो ज्या शिक्षिकेवर लट्टू होतो ती महाकाय प्रार्थना-कीटक (प्रेइंग मँटिस) निघते, दुसऱ्यात परदेशी विद्यार्थिनी म्हणून आलेली मुलगी शेकडो वर्षांपूर्वीची ममी निघते, तिसऱ्यात त्याने करवलेला वशीकरणाचा मंत्र उलटून, जिच्यासाठी तो होता ती सोडून गावातल्या झाडून सगळ्या बायका त्याच्या मागे लागतात. टीव्हीवर हे तीन वेगवेगळे विनोदी आठवडे होते. पुस्तकात एकापाठोपाठ वाचले की एका एकट्या पडलेल्या मुलाचं दुखणं समोर येतं. नुसत्या मांडणीनेही अर्थ पालटतो.

आणि कधी कधी पुस्तक हीच आठवण असते. ब्रिटनमधल्या 'डॉक्टर हू' या विज्ञान-अद्भुत मालिकेचे, बीबीसीने जुन्या टेपा पुसून टाकल्यामुळे सुरुवातीच्या काळातले नव्वदहून अधिक एपिसोड आज नाहीत. घरोघरी व्हिडिओ यायच्या आधी, 1973 पासून टार्गेट या नावाने निघालेली छोटी पुस्तकं हाच ते पुन्हा 'बघण्याचा' मार्ग होता. टेरन्स डिक्सने त्यातली साठाहून अधिक लिहिली. एक अख्खी पिढी ती मालिका पुस्तकातून ओळखते.

आपल्याकडे ओढा उलटा. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आधी, 'गहिरे पाणी' ही मालिका नंतर. त्यामुळे 'पुस्तकात जास्त भीती वाटली होती' ही तक्रार आपल्याला सरावाची आहे. नॉव्हेलायझेशन वाचताना तेच माप घेऊन बसलो तर फसगत होते, कारण इथे पुस्तक थोरलं भावंड नाही, धाकटं आहे. ते थोरल्याच्या उतरलेल्या कपड्यांत येतं. अंगाला कुठे सैल होतं आणि कुठे त्याने स्वतः शिवून घेतलंय, हे बघण्यात खरी मजा.

'सुपरनॅचरल'च्या लेखकांना या सगळ्याची इतकी कल्पना होती की त्यांनी मालिकेतच तो विनोद केला. 2009 च्या एका एपिसोडमध्ये सॅम आणि डीनला कॉमिकच्या दुकानात स्वतःच्याच आयुष्यावरच्या स्वस्त पेपरबॅक कादंबऱ्या सापडतात. लेखक कार्व्हर एडलंड. हे नावही मालिकेच्या दोन लेखकांची, जेरेमी कार्व्हर आणि बेन एडलंड यांची, आडनावं जोडून केलेलं. दोघे भाऊ लॉन्ड्रीत कपडे धुवायला टाकतात, डीन त्या लेखकाचं नवं हस्तलिखित वाचत बसतो आणि त्यात वाचायला मिळतं की तो लॉन्ड्रीत बसून वाचतोय.

तिसऱ्या जातीचं पुस्तक शेवटी राखून ठेवलं होतं. 'ट्विन पीक्स' एप्रिल 1990 मध्ये सुरू झाली. लॉरा पामर या शाळकरी मुलीचं प्रेत नदीकाठी सापडतं, खुनी कोण याने अमेरिका वेडी झाली आणि पहिला सीझन उत्तर न देताच संपला. दुसरा सुरू होणार होता 30 सप्टेंबरला. त्याच्या काही दिवस आधी दुकानात आली ती लॉराची गुप्त डायरी, बाराव्या वाढदिवसापासून लिहिलेली. लेखिका जेनिफर लिंच, मालिकेच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या डेव्हिड लिंचची मुलगी, वय बावीस. खुनी कोण हे तिला सांगितलेलं होतं आणि पुस्तकात ते फोडायचं नव्हतं. लॉराला तर तो चांगलाच ओळखीचा. म्हणजे डायरी लिहिणारीला माहीत, लेखिकेला माहीत, आणि वाचणाऱ्याला कळता कामा नये.

तिने काय केलं? डायरीत मधेमधे पान फाडलेलं आहे, अशी नोंद केली. लॉरा बॉब नावाच्या कुणाबद्दल लिहिता लिहिता एखाद्या वाक्याजवळ येते आणि पुढचं पान नसतं. वाहिनीचं गुपित तर राहतंच. पण ते पान कुणी फाडलं, तिनेच की तिच्या खोलीत येणाऱ्याने, हे पुस्तक सांगत नाही.